तिघींच्या जागी दोघी

मित्रांनो, मी एक जुनी सरकारी जीप आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच हळहळू नका. कुणाकडून कीव करून घ्यायची मला सवय नाही. आरोग्य खात्याच्या आवारात मी उभी असले की नवे कारकून मला वळसा घालून जात, आणि डोंगरापलीकडे माझा हॉर्न वाजला की बायका हातातलं काम टाकून रस्त्यावर येत. असा मान किती जणींच्या वाट्याला येतो? शाळा मी फक्त बाहेरून पाहिली, फाटकाशी उभी राहून, आत पोरांना सुया टोचून होईपर्यंत. बाकीचं शहाणपण रस्त्यावर आणि कचेरीच्या खिडक्यांखाली गोळा केलं. त्यामुळे माझं बोलणं थोडं खरखरीत लागेल. ते तसंच ऐकून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. सपाट पत्र्याला आधी दाबलं, मग वाकवलं, मग ठिणग्या उडवत एकाला एक सांधलं. जन्माला येणं म्हणजे मार खाणंच होतं, पण त्या मारातूनच माझी पाठ ताठ झाली. रंगाच्या भट्टीतून बाहेर आले तेव्हा मी अशी लखलखीत होते की एका कामगाराने माझ्या दारात तोंड बघून भांग पाडला. तेव्हापासून आपण देखण्या आहोत हे मला पक्कं ठाऊक आहे. पुढे रंग उडाला, समज नाही उडाली.

आम्ही तिघी एकाच दिवशी या कचेरीत आलो. फाटकातून पहिली मी शिरले, म्हणून थोरली मी. यावर बाकी दोघींचं काही म्हणणं असेल, पण त्यांना मी कधी विचारलं नाही. मधलीला नदीकाठची गावं मिळाली, धाकटीला शहरातले दवाखाने. धाकटी नाजूक होती. खड्डा दिसला की तिला धाप लागायची. मला डोंगर मिळाला.

डोंगराची फेरी दर मंगळवारी. कचेरीपासून थोडा सपाट रस्ता, मग घाट चढायचा, खिंड ओलांडायची, पलीकडे तितकंच खोल उतरायचं. तळाशी दगडाची खाण आणि खाणीवर काम करणाऱ्यांची वस्ती. परत येताना तेच सगळं उलटं. तिकडे बस जात नाही. वीज पोचली आहे म्हणतात, पण एक दिवा लावला तर तो पेटलाय का ते बघायला दुसरा दिवा लागतो. त्या वस्तीत डॉक्टर म्हणजे आमची सिस्टर, आणि दवाखाना म्हणजे माझा मागचा भाग. बाकावर कुणाला तरी निजवायचं, दाराला चादर बांधायची, झाला दवाखाना.

सिस्टर बोलायला कमी. तोंडात थर्मामीटर तिच्या असावा, पेशंटच्या नसावा, अशी. पण तिचे हात उबदार होते हे मी बायकांच्या तोंडून ऐकलंय. आणि माझा ड्रायव्हर म्हणजे मामा. त्याला सगळेच मामा म्हणत, कचेरीच्या मुख्य मॅडमसुद्धा. मामा माझ्या सीटवर बसायचा तो घरच्या आरामखुर्चीत बसल्यासारखा. माझा क्लच कुठे अडतो, कुठल्या दाराला दोनदा आपटावं लागतं, थंडीत मला किती वेळ गुरगुरू द्यायचं, सगळं त्याच्या पायांना पाठ होतं. त्याची बायको म्हणायची की या माणसाला माझ्या गुडघ्यांचं दुखणं कळत नाही आणि त्या जीपची शिंक ऐकू येते. खोटं नव्हतं ते.

मामाची एक रीत होती. उतार लागला की तो गिअर काढून घ्यायचा. गाडी न्यूट्रलमध्ये टाकायची आणि उताराला मोकळी सोडायची. इंजिन नुसतं कुजबुजायचं, चाकं आपल्या वजनाने पळायची, डिझेल जेमतेम लागायचं. असं करणं धोक्याचं असतं, मित्रांनो. ब्रेक तापतात, गाडी हाताबाहेर जाऊ शकते. मोठे झालात की हे करू नका. पण मामाच्या वयाचे सगळे ड्रायव्हर असंच शिकले होते आणि खात्यात डिझेल वाचवणाऱ्याला नावाजत. एके वर्षी सगळ्या ड्रायव्हरांत कमी डिझेल जाळलं म्हणून मामाला सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवल्या आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ पुढे बंद पडलं. टाळ्या मात्र मामाच्या कानात वाजतच राहिल्या. नवा ड्रायव्हर आला की मामा त्याला पहिला धडा तोच द्यायचा, की चढ सरकारचा आणि उतार आपला.

वर्षं गेली. माझ्या बाकाचं रेक्झिन फाटलं, त्यावर पोतं आलं. दिवे पिवळे झाले. आमच्या मिस्त्रीने मला किती वेळा उघडलं आणि मिटलं त्याला हिशेब नाही. आवाराच्या कोपऱ्यात पत्र्याची शेड होती, तिथे तो, त्याचे पाने आणि एक रेडिओ असे राहत. मला धूर फार येऊ लागला होता. घाटात माझ्यामागून सायकलवर येणारी पोरं तोंडावर सदरा ओढून घेत, आणि सिस्टर आपल्या बाजूची काच वर करायची. माझ्याच आत बसून माझाच धूर तिला नको असायचा. तेव्हा मला राग येई. पण पोरांची छाती तपासणारी बाई ती. तिचं चुकत होतं असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

मग एक दिवस बातमी आली की खात्याच्या सगळ्या गाड्या विजेवर चालणाऱ्या होणार. धूर नाही, आवाज नाही, डिझेल नाही. मामा हसला. म्हणाला, सरकारी बातमी आहे, आपण निवृत्त झाल्यावर खरी होईल. पण ती लगेच खरी झाली. मधली आणि धाकटी वय संपलं म्हणून भंगारात गेल्या. माझंही वय कागदावर संपलंच होतं, पण नव्या गाड्या रुळेपर्यंत मला ठेवून घेतलं.

माझी उभं राहायची जागा मॅडमच्या खिडकीखाली. त्यामुळे पैशाचं सगळं बोलणं मी ऐकलं. मंजूर झाले होते तीन जुन्या गाड्यांच्या जागी तीन गाड्यांचे पैसे. पण विजेची गाडी महाग. तेही एकवेळ जमलं असतं, पण गाडीला वीज पाजायची तर भिंतीवर तिची पेटी हवी. पेटीला जाड तार हवी. कचेरीची तार म्हणजे बुटाची नाडी. पंखे आणि दिवे एकदम लावले तरी ती गरम व्हायची. म्हणजे रस्त्यावरच्या खांबापासून नवी तार ओढा, नवा मीटर बसवा, वर छप्पर करा. गाडीची किंमत सगळ्यांनी धरली होती. तारेची कुणी धरलीच नव्हती.

मॅडम बाई वाईट नव्हत्या. त्यांनी वरच्या कचेरीत पुन्हा पुन्हा फोन केले. तिकडून उत्तर यायचं की पुढे डिझेल वाचेल, इंजिनचं तेल वाचेल, मिस्त्रीचं काम वाचेल. आवारात हे ऐकून मिस्त्रीने पाना खाली ठेवला. त्याचं काम वाचलं की त्याची चूल थंड. आणि ते वाचलेले पैसे येणार हळूहळू, पुढच्या वर्षांत. गाडी आणि तार मात्र आजच घ्यायची होती. शेवटी तिघींच्या जागी दोघी आल्या.

दोघी आल्या तेव्हा मी त्यांना डोळे भरून पाहिलं, सासू सुनेला पाहते तसं. गोऱ्या, गुळगुळीत, तोंडातून अवाक्षर नाही. चालू झाल्या तरी कळेना की चालू आहेत. मी मनात म्हटलं, ज्या बाईला आवाज नाही तिला घाटात कोण वाट देणार?

आता दोन गाड्या आणि फेऱ्या तीन. शहराची फेरी रोजची, ती सोडता येईना. नदीकाठची मोठी, तीही सोडता येईना. राहिला डोंगर. वस्ती लहान, रस्ता लांब, आणि त्या लोकांना तक्रार कुठे करायची हेही ठाऊक नाही. कमी पडलं की आधी कोणाचं ताट उचलतात, ते मी आयुष्यभर पाहिलंय.

त्या वेळी वस्तीतली एक सून पोटुशी होती. तिचं पहिलं बाळ पोटातच गेलेलं. या खेपेला तिच्या पायांवर सूज होती आणि रक्तदाब चढत होता. सिस्टर दर मंगळवारी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळून दाब बघायची, गोळी द्यायची आणि दाब आणखी चढला तर खाली दवाखान्यात घेऊन जाईन म्हणून बजावायची. तिची सासू माझ्या दाराशी उभी असायची. एकदा ती सिस्टरला म्हणाली, “बाई, माझ्या पोरीची जत्रा तुमच्या गाडीपाशी भरते. मंगळवार उजाडला की ती वेणी घालते. बाकीचे दिवस नुसती पडून असते.” सिस्टरने पट्टा गुंडाळून डब्यात ठेवला. परतीच्या वाटेवर मात्र तिने मामाला सांगितलं, की एक मंगळवार चुकला तर ही पोरगी हातची जाईल.

सिस्टरने हे मॅडमच्या कानावर घातलं. मॅडमनी विचार करून तोड काढली. नदीकाठची गाडी मंगळवारी मोकळी असते. ती डोंगराला जाऊन एका चार्जिंगमध्ये परत आली, तर फेरी चालू राहील. नाही आली, तर बंद. वस्तीत गाडी चार्ज करायची सोय नाही आणि वाटेत अडकलेली सिस्टर कचेरीला परवडणारी नाही. एक मंगळवार करून बघा, म्हणाल्या.

त्याआधी ड्रायव्हरांना शिकवायला गाडीच्या कंपनीचा माणूस आला. शहराच्या फेरीवर एक तरुण बाई ड्रायव्हर नव्याने लागली होती. सगळे तिला ताई म्हणत. ती वही नसतानाही शाळेत असल्यासारखी पुढे उभी राहिली, मधेमधे शंका विचारत. आणि आमचे मामा? ते माझ्या सीटवर येऊन बसले, काच वर केली आणि चहा प्यायले. ताई बोलवायला आली तर म्हणाले, “अगं, तुझ्या वयाएवढी वर्षं झालीत मला गाडी चालवून. मला काय स्टिअरिंग कुठे असतं ते दाखवणार?”

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. एवढी नवी नवरी आवारात उभी आणि हा माणूस माझ्यापाशी येऊन बसतो. त्या सुखात मी कंपनीच्या माणसाचं बोलणं अर्ध्या कानानेच ऐकलं. तरी एक गोष्ट माझ्या कानावर पडली. तो सांगत होता, की ही गाडी उताराला गिअरमध्येच ठेवायची. पाय उचलला की ती स्वतःच चाकांना आवरते, आणि आवरताना वीज तयार करून परत बॅटरीत भरते. न्यूट्रलमध्ये टाकलीत तर उतार फुकट गेला समजा. मामाच्या बाजूची काच वर होती. मला ऐकू येतं, मित्रांनो, पण सांगता येत नाही. आम्हा वस्तूंचं सगळं दुःख एवढ्यातच आलं.

मंगळवार आला. मामा नव्या गाडीत बसला, शेजारी सिस्टर, मागे औषधांचे डबे. मला आवारात टाकून तो पहिल्यांदाच डोंगराला निघाला. जाताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. लाजला असावा.

दुपारी कचेरीत फोन खणखणला. नवी गाडी परतीच्या चढावर थकून थांबली होती, खिंडीच्या पलीकडच्या वळणावर. जिथे फोन लागतो तो दगड खिंडीत आहे. सिस्टर तिथपर्यंत उन्हात चालत आली होती. कचेरीत धावपळ झाली. उचलून नेणारी गाडी मागवायची तर ती दुसऱ्या शहरातून येणार, उद्या. दुसरी नवी गाडी शहराची फेरी करून नुकतीच आलेली, बॅटरी रिकामी. तेव्हा मिस्त्री म्हणाला, आपली म्हातारी आहे की. ताईने किल्ली घेतली, मिस्त्रीने दोर टाकला आणि आम्ही निघालो.

काय सांगू, मी कशी निघाले ते. घाटात मी खोकले, धूर सोडला, पण थांबले नाही. प्रत्येक वळणावर मला वाटत होतं, बघा, शेवटी कोणाला बोलवावं लागलं. ती गुळगुळीत बया रस्त्याच्या कडेला डोळे मिटून उभी होती आणि मामा तिच्या चाकाशी दगडावर बसला होता. मला बघून त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी आजवर जपून ठेवलंय. मिस्त्रीने दोर बांधला आणि मी तिला पावलापावलाने खिंडीत ओढून आणलं.

तिथे सिस्टर उभी होती, चपला हातात, टाचेला फोड. मला वाटलं ती मला थोपटेल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मागे वळून खाली वस्तीकडे बघत होती. मामाला म्हणाली, “आज दाब आणखी चढलाय तिचा. पुढच्या मंगळवारी येते म्हणून सांगून आले मी.”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझे दिवस संपलेलेच होते. मी जिंकले म्हणून मला कुणी ठेवून घेणार नव्हतं. नवी हरली म्हणजे डोंगर हरला, एवढंच. माझा ताठा तिथे त्या खिंडीत गळून पडला. उरलं ते नुसतं जुनं लोखंड.

आता पुढे उतार होता. दोराने बांधून उतरता येत नाही. मागची गाडी पुढचीवर येऊन आदळते. मिस्त्रीने दोर सोडला. नव्या गाडीत थोडा जीव उरला होता, चढाला न पुरणारा, पण उताराला पुरेल एवढा. ताई मामाला म्हणाली, की गिअरमध्ये ठेवूनच उतरा, मोकळी सोडू नका. मामा खेकसला, की उतरण्यात मला अक्कल शिकवू नकोस. भांडण होणार असं दिसलं तेव्हा सिस्टर नव्या गाडीत जाऊन बसली आणि ताईला म्हणाली, “तूच घे गं. मला लवकर पोचायचंय.”

मामाला हे लागलं. तो गुमान माझ्याकडे आला, मिस्त्रीला शेजारी घेतलं आणि आम्ही त्यांच्यामागून निघालो. पहिल्या उताराला त्याने गिअर काढला आणि मला मोकळी सोडली, आयुष्यभर सोडत आला तशी. आमची दोघांची ती शेवटची उतरण. वारा आत येत होता. पुढे नव्या गाडीचे मागचे लाल दिवे ब्रेक न लावता, ताईने नुसता पाय उचलला की लागत होते आणि विझत होते, आणि मामा त्यांच्याकडे बघत होता.

घाट संपला तरी नवी गाडी थांबली नाही. सपाट रस्त्याने स्वतःच्या पायांनी कचेरीत आली. आवारात उतरल्यावर सिस्टर मामाच्या जवळ गेली. चारचौघांत नाही, बाजूला घेऊन, माझ्या बोनेटपाशी. म्हणाली, बॅटरीचा आकडा समोर दिसतो. उताराला तो वाढत गेला. सकाळी तुम्ही वस्तीकडे उतरत होतात तेव्हा तो तसाच राहिला होता. तुम्ही गिअर काढला होतात, मामा.

मामा म्हणाला, असं कधी होतं का? उताराला गाडी खाते कमी, हे ठीक. परत कशी देईल? सिस्टर म्हणाली, मला नाही कळत कशी ते. मी आकडा पाहिला.

मामा त्या दिवशी किल्ली खुंटीला लावून सरळ घरी गेला. आणि मॅडमनी जे ठरलं होतं तेच केलं. गाडी दोर बांधून खिंडीत आणावी लागली, म्हणजे ती पुरत नाही. डोंगराची फेरी बंद. सिस्टरने वस्तीतल्या सुनेचं पुन्हा सांगून पाहिलं. मॅडम म्हणाल्या की तिला आत्ताच खाली आणून ठेवा. सिस्टरने तेही विचारलं होतं. ती सून दवाखान्याच्या नावाने थरथरायची, पहिलं बाळ गेलं ते तिथल्याच बाहेरच्या बाकावर, वाट बघताना. ती यायची तर सिस्टरचा हात धरूनच आली असती, कुणी निरोप पाठवून नाही.

दुसऱ्या दिवशी मामा मॅडमच्या खोलीत गेला. खिडकी उघडी होती. हा माणूस ज्याच्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या, ज्याने खात्यातल्या निम्म्या ड्रायव्हरांना उताराचा धडा दिला होता. मी त्याला कधी कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, काय मामा, बसा ना.

तो बसला नाही. म्हणाला, “मॅडम, गाडी कमी पडली नाही. मी कमी पडलो. ती उताराला परत कमवत होती आणि मी तिला कमवू दिलं नाही. शिकवणारा आला तेव्हा मी जीपमध्ये काच लावून बसलो होतो.”

मॅडमनी समोरची फाईल मिटली. मग त्यांनी सरळ सांगितलं, की मामा, मी दोन गाड्यांत तीन फेऱ्या बसवतेय. पुन्हा अडकलात तर वरचे म्हणतील की गाडीच बेकार, आणि पुढच्या वर्षी तिसरी गाडी मागायला मला तोंड राहणार नाही.

मामा म्हणाला, “एक मंगळवार द्या. त्याच्या आत मी शिकून घेतो. ताईकडून.”

हा शेवटचा शब्द काढताना त्याला किती जड गेलं असेल ते मी जाणते. मीही मानी आहे.

मग आवारात शिकवणी सुरू झाली. ताई शेजारच्या सीटवर, मामा चाकामागे, आणि कचेरीतले सगळे खिडक्यांतून बघत. मामाचा हात सवयीने गिअरकडे जायचा. तो गेला की ताई त्यावर चापट मारायची. म्हणायची, मामा, हात जागेवर. मिस्त्रीने शेडमधून विचारलं, की मामा, पाढे पण म्हणून घेते का रे? मामा तिकडे न बघता म्हणाला, तू तुझ्या रेडिओपुरतं बघ. दोघे घाटाच्या पायथ्याचा चढ-उतार करून येत, पुन्हा जात. एका संध्याकाळी मामा आवारात उतरला आणि माझ्या दाराला टेकून उभा राहिला. हळू आवाजात, माझ्याशीच बोलल्यासारखं म्हणाला, “देते गं परत. खरंच देते.” त्याच्या आवाजात आनंद होता आणि मला ऐकून थोडं दुखलं. दोन्ही एकदम होऊ शकतं, मित्रांनो.

मंगळवारी तो पुन्हा निघाला. सबंध दिवस कचेरीत कुणाचं कामात लक्ष नव्हतं. फोनची घंटा झाली की सगळे दचकत. मॅडम दोनदा उगीच पायऱ्या उतरून फाटकापर्यंत आल्या. मलाही माझं समजेना. जी यावी म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता, ती माझी सवत.

ऊन कलताना ती आली. आवाज नव्हताच, म्हणून कळलंही नाही. फाटकवाल्याने हात वर केला तेव्हा सगळ्यांनी पाहिलं. ती सरळ आपल्या छपराखाली जाऊन उभी राहिली. मामाने इंजिन बंद केलं, म्हणजे जे काही त्यात असतं ते. कुणी पुढे धावलं तर सिस्टरने दारातूनच बोट ओठांवर ठेवलं.

मागच्या सीटवर ती खाणीवरची सून होती. दाब फार चढला म्हणून सिस्टरने तिला हात धरून खाली आणली होती. सासू पायाशी बसलेली. आणि ती पोरगी झोपली होती. सगळा घाट, सगळी वळणं, आणि ती गाढ झोपली होती, एक हात पोटावर ठेवून. सासू मॅडमना म्हणाली, की बाई, किती रात्रींनी डोळा लागलाय तिचा, जरा वेळ राहू द्या.

मी तिच्याकडे बघत राहिले. मी हजारो माणसं नेली. माझ्या बाकावर पोरं जन्मली, माणसं गेली. पण माझ्यात कधी कुणी झोपलं नाही. माझा आवाज, माझे हिसके, माझा धूर. मला वाटायचं, दुखण्यात माणसाला झोप येत नाही म्हणून. कारण मी होते.

त्या पोरीला तिथून दवाखान्यात नेलं. तिला मुलगी झाली. लहान, पण रडकी आणि चांगली दणकट आवाजाची, असं सिस्टरने सांगितलं, आणि सिस्टर सहसा कुणाची स्तुती करत नाही.

डोंगराची फेरी चालू राहिली. पण सगळं गोड झालं असं मी तुम्हाला सांगणार नाही. मिस्त्रीची दुसऱ्या शहरातल्या मोठ्या कार्यशाळेत बदली झाली. बायको-मुलं इथे, तो तिथे, खोली करून. त्याची शेड पाडली, तिथे चार्जिंगची दुसरी पेटी बसली. नदीकाठच्या गाडीला मंगळवारची विश्रांती उरली नाही. आणि बॅटरी म्हातारी होईल तेव्हा नवी घ्यायला पैसे कुठून आणायचे, हे मॅडमनी वर विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.

आज मला न्यायला मोठा ट्रक आलाय. मला वर चढवलं, साखळीने बांधलं. मॅडम पायऱ्यांवर आल्या. ताईने माझी पाटी काढून घेतली. मिस्त्री मुद्दाम रजा घेऊन आला होता. त्याने खिशातल्या फडक्याने माझी काच पुसली. आता कुणी बघणार नाही हे ठाऊक असून पुसली. मामा नव्हता. ताईला वाटलं मला, म्हणजे सगळ्यांनाच, वाईट वाटेल. ती म्हणाली, मामा थांबणार होते हो, पण सिस्टर निघाल्या, तिकडे लोक वाट बघतात.

आज मंगळवार आहे. या वेळी तो खिंड ओलांडून पलीकडे उतरत असेल, हात जागेवर ठेवून. तो मला निरोप द्यायला थांबला असता, तर मी त्याला कधी माफ केलं नसतं.

मित्रांनो, तुमच्याही गावात, कचेरीत, शाळेत नव्या गाड्या येतील. येऊ द्या. त्यांच्यासाठी जुन्यांना रडत बसू नका. आम्ही धूर फार केला. पण नवी वस्तू आणताना नुसती तिची किंमत विचारू नका. तिची तार विचारा, तिला शिकणाऱ्या माणसाचा वेळ विचारा, तिच्यामुळे कोणाची शेड पडणार ते विचारा, आणि दोघींत तीन फेऱ्या बसवताना कोणाची फेरी गळतेय ते सगळ्यांत आधी विचारा. मग जी गाडी येईल तिला नीट जपा. ती बोलत नाही, म्हणून तिच्याकडे जास्त लक्ष द्या. तिला अजून पुष्कळ मंगळवार डोंगर चढायचाय.